पडद्यामागे काय ठेवायचं, ताई?

ताई, आधीच सांगून ठेवतो, हा मजकूर पुस्तकाच्या शेवटी छापायचा आहे. तुझे प्रकाशक म्हणाले, "सुरुवातीला बहिणीबद्दल दोन शब्द लिहून द्या. जन्म, शिक्षण, नोकरी, पुस्तकं." मी म्हटलं, जन्म आणि शिक्षण तुम्हीच मागच्या कव्हरवर टाका, माझं जे काय असेल ते शेवटी घाला, माझ्यासारखे वाचक आधी तिथेच जातात. ते हसले. त्यांना वाटलं, हा हिंदमात्याचा साडीवाला गंमत करतोय.

रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचायची माझी खोड तू कधी माफ केली नाहीस. खुनी कोण ते एकदा कळलं की मला शांतपणे वाचता येतं. तुझ्या मते हा गुन्हा खुनापेक्षा मोठा होता. म्हणून तू युक्ती काढलीस. प्रत्येक कादंबरी छापायला जाण्याआधी मला वाचायला द्यायचीस, पण शेवटचं प्रकरण काढून घेऊन. मी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की गादीवर बसून वाचायचो आणि संध्याकाळी तुला फोन करायचो. "तो कंपाउंडर ना गं?" तू म्हणायचीस, "वाच की मेल्या गप." मग मी मुद्दाम सगळ्या पात्रांची नावं एकेक करून घ्यायचो, तुझा आवाज कुठे बदलतो ते ऐकायला. तुझा आवाज कधी बदलला नाही. शाळेत इतकी वर्षं मुलींच्या थापा ऐकून पक्की झाली होतीस.

या वेळीही तसंच केलंस. 'गौरीचा पडदा'ची सगळी प्रकरणं माझ्याकडे आली, शेवटचं सोडून. आणि श्रावणात तू गेलीस. गिरगावातल्या तुझ्या घरी, खुर्चीत बसून जुन्या विद्यार्थिनीशी फोनवर बोलता बोलता. दिवसकार्य झाल्यावर मी मृण्मयीला म्हटलं, आईच्या कॉम्प्युटरमध्ये बघ गं, शेवट असेल. तुझ्या लेकीने दोन्ही कॉम्प्युटर, तुझा फोन, कपाट, सगळं पालथं घातलं. शेवट नाही. तू तो लिहिलाच नव्हतास. म्हणजे आयुष्यभर माझ्यापासून शेवट लपवलास आणि या वेळी लपवायलासुद्धा काही नव्हतं. आता मी भांडायचं कोणाशी?

जे वाचक पुस्तक सोडून थेट इथे आले आहेत, त्या माझ्या जातभाईंना थोडं सांगावं लागेल. आमची खोली काळाचौकीच्या चाळीत. घराणं मालवणकडचं, आजोबा गिरणीत लागले तेव्हापासून आम्ही इथे. भाद्रपदात खोलीत भिंतीशी गणपती बसतो आणि खिडकीखाली गौर. गौरीच्या पूजेच्या दिवशी नैवेद्य दाखवताना आमच्याकडे गणपती आणि गौर यांच्या मध्ये पडदा धरतात. पडद्याच्या आत फक्त गौर, तिचं ताट आणि नैवेद्य दाखवणारी घरची बाई. बाकी सगळे गणपतीच्या बाजूला. नैवेद्य झाला की पडदा काढायचा आणि जेवायला बसायचं. हे का करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. आजी करायची म्हणून आई करायची, आई करायची म्हणून माझी बायको वैशाली करते. चाळीत इतकी मालवणी घरं, पण पडदा आमच्याच घरात.

पडदा म्हणजे आईची जुनी साडी. ती लावायला भिंतीत खिळे नव्हते, तू आणि मी होतो. एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या. धरणाऱ्याने आत बघायचं नाही हा नियम. मी बिचारा समोरच्या कॅलेंडरवरचा देव बघत उभा राहायचो आणि तू पलीकडून मला वेडावून दाखवायचीस. मी हसलो की साडी हलायची आणि आतून आई ओरडायची, "नंदू!" कायम नंदूच. सुलू कधीच नाही.

एका वर्षी तू वळून बघितलंस. चौथीत वगैरे असशील. नंतर जिन्यात मला गाठून म्हणालीस, "नंदू, आत काहीच नाहीये रे! आपण जेवतो तेच. भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, घावन-घाटलं." तुझा चेहरा इतका पडला होता की मला वाटलं आता रडतेस. मला उलट हायसं वाटलं होतं. माझी समजूत होती की आत काहीतरी भयंकर असतं. पण तू गप्प बसणारी नव्हतीस. "जर काहीच नाही, तर लपवतात कशाला?" हे तू मला त्या जिन्यात विचारलंस आणि पुढची पन्नासेक वर्षं विचारत राहिलीस. लोक तुला मुलाखतीत विचारायचे, रहस्यकथा कशी सुचली, आणि तू काहीतरी मोठं मोठं सांगायचीस. खरं कारण ती शेवग्याची भाजी आहे.

बाबा गेले तेव्हा तू रडली नाहीस. मी दोन दिवस रडून डोळे सुजवून बसलो आणि तू खिडकीशी बसून काहीतरी लिहीत होतीस. मला राग आला होता. मग काही महिन्यांनी 'गौरीचा पडदा'चं पहिलं प्रकरण आलं. त्यात एक मुलगी गेलेल्या बापाचा शर्ट धुऊन, इस्त्री करून, घडी घालून परत खुंटीवर लावते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धुते. मी दुकानात वाचत होतो. समोर एक बाई पैठणी मागत होती, तिला मी नववारीचं दालन दाखवलं आणि आत गोडाऊनमध्ये जाऊन बसलो. ताई, फार चांगलं लिहिलंयस ते. फक्त बाबांचा तो चौकटीचा शर्ट टेरीकॉटचा होता आणि तू सुती लिहिला आहेस. मी फोनवर सांगितलं तर म्हणालीस, "सुती जास्त रडवतो." हे भांडण मिटलेलं नाही. शर्ट टेरीकॉटचाच होता.

त्या कादंबरीत बाप मरताना तिन्ही मुलांना जवळ बोलावतो आणि म्हणतो, आपल्या घरी गौरीला पडदा का लावतात ते जो सांगेल, त्याची ही खोली. मी म्हटलं, मरणारा माणूस कोडी घालतो का गं? तू म्हणालीस, "जिवंतपणी सांगितलं असतं तर माझी कादंबरी कशी झाली असती?" मग तुझी ती सरूबाई येते, निवृत्त नर्स, जी लोकांच्या स्वयंपाकघरात नुसती उभी राहून घरातली भांडणं ओळखते. तिच्याकडून तू पडद्यामागे भिंतीत पुरलेले दागिने काढणार होतीस. मला तेव्हाच ते फिकं वाटलं होतं. तुलाही वाटलं असणार, कारण तू दोन वर्षं अडून बसलीस. तेवढ्या काळात आपल्या दुकानातल्या कटकट्या गिऱ्हाइकांची नावं देऊन तू तीन कथांमध्ये तीन माणसं मारलीस, त्याबद्दल मात्र मी तुझा कायमचा ऋणी आहे.

मग गेल्या वर्षीची गौर. तू कधी उशिरा यायची नाहीस. माहेरवाशीण म्हणजे दहाच्या आत दारात, हातात फुलांची पुडी, आणि वैशालीला "काय मदत करू" असं विचारून लगेच पंख्याखाली बसायचं. त्या दिवशी नैवेद्याचं ताट वाढून झालं तरी तुझा पत्ता नाही. आलीस ती जिना धावत चढून, कपाळावर घाम, आणि सरळ साडीचं टोक हातात घेतलंस. वैशाली आत गेली. पलीकडून तू माझ्याकडे बघितलंस आणि हळूच म्हणालीस, "नंदू, पडदा खरा आहे. आतलं ताट खोटं आहे."

तू सकाळी वरळीच्या कोळीवाड्यात जाऊन आली होतीस, जनाबाईच्या घरी. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी मासे घेऊन बसणारी जनाबाई. तिच्याशी तुझी दोस्ती पापलेटावरून सुरू झाली आणि तू तिला कादंबरीसाठी प्रश्न विचारून इतकं पिडलंस की ती म्हणाली, "बाय, एकदा गवरीला घरी ये आणि डोळ्यांनी बघ." तू गेलीस. त्यांच्या घरी गौरीला चिंबोऱ्यांचा, म्हणजे आपण कुर्ल्या म्हणतो त्या खेकड्यांचा नैवेद्य होता. तिखटाचा. गौर माहेरी येते, तिला तिच्या आवडीचं जेवायला घालायचं. पण शेजारी गणपती शाकाहारी, त्याच्यासमोर हे कसं ठेवणार? म्हणून मध्ये पडदा. नैवेद्य झाला की पडदा काढायचा. तंतोतंत आपल्यासारखा. फक्त त्यांच्या पडद्यामागे झाकण्यासारखं काहीतरी होतं.

आपल्या आजीला माहेर नव्हतं. लहानपणापासून आपण हेच ऐकलेलं. गावची मुलगी, आईबाप लवकर गेले, पुढे कोणी नाही. तू ते दोन धागे जिना चढता चढता जोडलेस. आणि जेवायला बसल्यावर, सगळी पंगत बसलेली असताना, आत्याला सरळ विचारलंस, "आत्या, आजी कोळ्यांची होती का गं?"

आपली आत्या, बाबांची धाकटी बहीण, आजीला जवळून बघितलेलं आता एकच माणूस. लालबागहून मुलाबरोबर टॅक्सीने येते, गौरीचं एक वर्ष चुकवत नाही. तिने हातातला घास ताटात ठेवला. "उगीच कायतरी बोलू नको गो. आमी मालवणचे." आणि उठली. घाटलं तसंच राहिलं.

त्यानंतर आपण दोघं वर्षभर भांडलो. मजेत नाही, खरोखर. तू म्हणायचीस, आता शेवट मिळाला, सरूबाई सगळ्यांसमोर पडदा बाजूला करते आणि आजीचं मूळ सांगते. मी म्हणायचो, छापू नकोस, आत्या आहे तोवर तरी नको. तिने जन्मभर जे झाकलं ते तू लायब्ररीत नेऊन ठेवणार? तू म्हणालीस, "नंदू, तिने झाकलं नाही. झाकायचं असतं तर पडदा लावलाच नसता. ताट आपल्यासारखं, जेवण आपल्यासारखं, कोणाला कळलं असतं? ती बाई दर वर्षी पडदा लावून सांगत होती. आपण ऐकलं नाही." मी म्हटलं, सांगायचं असतं तर तोंडाने सांगितलं असतं. पडदा हा झाकायलाच असतो, मी पडद्याचं कापड विकतो, मला शिकवू नकोस. तू फोन आपटलास. आठवडाभराने परत केलास आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात हवापाणी विचारलंस.

मी अजूनही म्हणतो, माझं अगदीच चूक नव्हतं. जिचं गुपित आहे तिच्या तोंडून ते यावं, दुसऱ्याने ओरबाडून काढू नये. पण तुझं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ती सांगत होती आणि आपण ऐकलं नाही. साडीची दोन्ही टोकं आपल्याच हातात होती गं.

तू जाण्याच्या आठवड्यात पाठवलेला निरोप माझ्या फोनमध्ये आहे. तुझा आवाज, मागे भावोजींच्या बातम्या लागलेल्या. "नंदू, मी लालबागला दोनदा जाऊन आले. आत्या चहा देते, बिस्किटं देते, विषय काढला की देवाचं म्हणायला लागते. मी आता जोर करत नाही. गौरीला येईन तेव्हा तिच्या पायाशी बसते आणि शेवटचं विचारते. नाही म्हणाली तर तुझा शेवट घेते. पडदा बंद. बस, झालं समाधान?" मी तेव्हा दुकानात होतो. अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं. तुला माझं शेवटचं बोलणं ते.

तुझ्यानंतर आत्या गिरगावला आली, मृण्मयीला पोटाशी धरून बसली. निघताना मी तिला खाली सोडायला गेलो आणि विचारलं, यंदा गणपती नको ना आणायला? ती म्हणाली, "लग्न होवन गेल्ला चेडू ता. मोठा सुतक सासरच्यांका. तू गणपती हाड." ती रीतीचंच बोलली, लग्न झालेल्या मुलीचं मोठं सुतक सासरला, मला माहीत आहे. पण माझं डोकं सणकलं. ज्या खोलीत तू जन्मलीस, बोलायला शिकलीस, माझी पाटी फोडलीस, त्या खोलीला तुझं सुतकही पुरतं लागत नाही? लग्न झालं की मुलगी इतकी लांब जाते? आणि तेव्हाच मला आजी दिसली. आजीच्या तर माहेरचं नावही उरलं नव्हतं.

म्हणून मी ठरवलं. तू बोलून दाखवणार होतीस. मी बोलणार नव्हतो, मी फक्त ठेवणार होतो.

वैशालीला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून बसली. "गणपती घरात असताना कुर्ल्या? मी हात लावणार नाही हं. तुमची बहीण गेली म्हणून तुम्हाला काय वाट्टेल ते सुचतंय." मी तुमच्या गल्लीत जनाबाईकडे गेलो. तिला कोण ते सांगावं लागलं नाही, म्हणे चालण्यावरून ओळखलं. तुझ्याबद्दल कळल्यापासून तिने गल्लीकडे पाठ करून बसायला सुरुवात केली आहे, तुमची खिडकी दिसू नये म्हणून. मी घाबरत घाबरत विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या बहिणीनं माजं डोकं खाल्लं रे दोन वर्षं. मला येडं करून गेली. मी करून आणते. झाकून आणते. तुझ्या बायकोला सांग, टोपाला तिनं शिवायचं पण नाय."

गौरीच्या दिवशी जनाबाई खरंच आली, नवं लुगडं नेसून, हातात झाकलेला डबा. वैशालीने तिला बघितलं, गणपतीला हात जोडले आणि म्हणाली, "या. आतून या." मग स्वतःच ताट घेतलं. भाकरी, भाजी, घावन-घाटलं ठेवलं, आणि डब्यासाठी जागा सोडली. मला तिचा हा स्वभाव इतक्या वर्षांनीही पुरता कळलेला नाही.

आत्या खुर्चीत बसली होती. मृण्मयी लोअर परळच्या ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून आली होती. मी साडी काढली. यंदा आईची नाही, तुझी काढली, ती मोरपंखी इरकल, जी मी तुला घाऊक भावात दिली म्हणून सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात भेट दिली होती. तुझं टोक धरायला हात पुढे झाला तो मृण्मयीचा. तुझ्यासारखीच मनगटाला गुंडाळून धरते. मी कॅलेंडरकडे बघायला लागलो. वैशाली ताट घेऊन आत गेली, डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज झाला, आणि ताई, चिंबोरीचा वास काही झाकता येत नाही. खोलीभर पसरला. वाटलं, आता आत्या उठते. गेल्या वर्षी घास टाकून गेली, या वर्षी घराची पायरीच कायमची सोडून जाईल, आणि हे मी केलेलं असेल.

"नंदू," आत्या म्हणाली, "चिंबोरी हाडलंस?"

आपल्या घरात सगळे कुर्ल्या म्हणतात. आत्या जन्मात कधी चिंबोरी म्हणाली नव्हती.

मी हो म्हटलं. ती खुर्चीचे हात धरून उठली. मला वाटलं दाराकडे जाईल. ती पडद्याकडे आली, माझ्या हाताखालून वाकली आणि आत गेली. वैशाली बाहेर आली. आत आत्या गौरीसमोर खाली बसली, या वयात, जमिनीवर. काय बोलली ते ऐकू आलं नाही. नैवेद्याला लागतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ आम्ही साडी धरून उभे होतो. माझे हात भरून आले, पण खाली घेण्याची छाती झाली नाही.

बाहेर आली ती रडली नव्हती. खुर्चीत बसली, पाणी मागितलं आणि सांगायला लागली, अगदी बाजारभाव सांगावा तशी. आजी पाटी घेऊन चाळीत मासे विकायला यायची. आजोबांनी तिला घरात आणलं. "तिच्या घरच्यांनी सांगितल्यानी, ती मेली. आमच्या घरच्यांनी सांगितल्यानी, ती गावची. पयल्या वर्सा आयेन गवरीक पडदो लावन चिंबोरी ठेवल्यान. आयेच्या सासून ताट उचलून भायर टाकल्यान. मगे आये म्हणाली, चिंबोरी ऱ्हवांदे, पडदो तेवढो लावूक देवा." आणि मग म्हणाली, "लक्ष्मी नाव आमच्या घरान ठेवलेला. तिचा नाव हिरू."

जनाबाई दाराशी बसली होती. तिने डोळ्याला पदर लावला आणि स्वतःशीच ते नाव म्हणाली. ओळखीचं म्हणून नाही, नुसतं कोणीतरी म्हणावं म्हणून.

मी विचारलं, आत्या, मग इतकी वर्षं का नाही सांगितलंस? "आयेन शपथ घातली हुती. पोरांची लग्ना होयपर्यंत गप ऱ्हव. मगे लग्ना झाली, तर कोण इचारूकच नाय." मी म्हटलं, ताईने विचारलं की गं. आत्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "पंगतीत इचारल्यान. सगळ्यांसमोर. माका राग इलो. मगे दोनदा लालबागेक इली, तवा राग उतरूक नव्हतो. ह्या वर्सा गवरीक येयत तेवा तिका बाजूक घेवन सांगणार हुतंय." एवढं बोलून मात्र तिचा धीर सुटला. मृण्मयीने तिला धरलं.

ताई, ऐकलंस? तू यंदाच्या गौरीला तिला विचारणार होतीस. ती यंदाच्या गौरीला तुला सांगणार होती. एक गिरगावात थांबलेली, एक लालबागला. माझ्या घरी तुमची भेट ठरली होती आणि यजमानालाच त्याचा पत्ता नव्हता. मला तुझा इतका राग आला, की आणखी एक महिना थांबायला काय झालं होतं तुला. मग मी आत जाऊन नळ सोडला आणि तोंड धुतलं. पुष्कळ वेळ धुतलं.

जेवायला सगळे बसले. आत्याने या वेळी घाटलं संपवलं आणि चिंबोरीचा नांगा फोडायला घेतला, आणि दात नसताना तो कसा खायचा याचं जनाबाईबरोबर तिचं रीतसर बोलणं झालं. वैशालीने गणपतीकडे बघून दोनदा क्षमा मागितली आणि रस्सा वाढून घेतला. भावोजींनी तुझं एकही पुस्तक आजवर वाचलेलं नव्हतं, तू त्यांना यावरून जन्मभर टोमणे मारलेस. आता त्यांनी पहिल्या कादंबरीपासून सुरुवात केली आहे. त्या दिवशी ताटावरून मला विचारत होते, "नंदू, तो कंपाउंडर ना?" मी म्हटलं, वाचा गप.

संध्याकाळी मृण्मयीला सोडायला जिना उतरत होतो. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती थांबली. तिथेच, जिथे तू मला गाठलं होतंस. म्हणाली, "मामा, मी मघाशी वळून बघितलं." मी म्हटलं, नियम आहे ना गं, बघायचं नसतं. ती म्हणाली, "हो. पण आई म्हणायची, आत काहीच नसतं. या वेळी होतं."

शेवटचं प्रकरण मी लिहिणार नाही, ते मृण्मयीवर सोडलंय. मला साडीची निरी लावता येते, कादंबरीची नाही. आत्या जे बोलली ते मी मृण्मयीला पुन्हा बसवून सांगितलं आहे, तीही तुझ्यासारखी खोदून विचारते. आत्याची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, छाप, पण हिरू हे नाव खरं घाल, बाकी काय व्हया ता कर. आयुष्यात पहिल्यांदाच शेवट मला तुझ्याआधी कळला, ताई. आणि मला त्यात जराही मजा आली नाही.

बाबा गेल्यावर तू हसत हसत सही करून खोली माझ्या नावावर सोडलीस. "मी गिरगावकर, मला काय करायचीय तुझी काळाचौकी?" मी लगेच मान डोलावली, कारण असंच असतं, बहिणी सही करतात. पण तुझ्या कादंबरीतल्या त्या मरणाऱ्या माणसाची अट मी पुन्हा वाचली. पडदा का लावतात ते जो सांगेल, त्याची खोली. ते आपल्या घरात कोणी सांगितलं? धापा टाकत जिना चढून, साडीचं टोक धरून, सगळ्यांत आधी?

खोली तुझी आहे, ताई. मी आपला इथे राहतोय.